टमरेल घ्या आणि चला

पायांतले चांगले बूट इथंच काढा. जिथं निघालोय तिथं स्लिपर बऱ्या, त्याही जुन्या. हातात हे टमरेल धरा. काठोकाठ भरू नका. गल्ली दोन माणसांपुरतीही रुंद नाही, आणि समोरून येणारीच्या अंगावर पाणी सांडलं तर दिवसाची सुरुवात भांडणानं होईल. पहाटेचे चार वाजलेत. शहर पुणं, साल १९९९. वस्ती येरवड्याची घ्या, दत्तवाडीची घ्या, ताडीवाला रोडची घ्या, नाहीतर पर्वतीच्या उतारावरची जनता वसाहत घ्या. या वेळेला सगळीकडं एकच लगबग असते.

आणखी एक. आज तुम्ही बाई आहात. पुरुष वाचकांनीही आजच्यापुरतं बाई व्हायचं आहे, कारण पुढं जे बघायचंय ते बायकांच्या रांगेत उभं राहिल्याशिवाय दिसत नाही.

दारातून निघताना मान खाली घाला, पत्र्याची कड थेट कपाळावर येते. बाहेर पडताच नाकात शिरतो मशेरीचा धूर. कुणीतरी तव्यावर तंबाखू भाजतंय आणि तो जळका, तिखट वास गल्लीभर झालाय. त्यात रॉकेलच्या स्टोव्हचा वास, ओल्या गोणपाटाचा वास. गटारावरची फरशी पाय ठेवताच डुगडुगते. खाली बघू नका, पुढं बघा. अंधारात सावल्या निघाल्यात, प्रत्येकीच्या हातात डबा, प्रत्येकीचा पदर डोक्यावरून घट्ट. कुणी कुणाला "कुठं निघालात?" म्हणून विचारत नाही.

संडास दिसायच्या आधी त्याचा वास येतो. आधी डोळे चुरचुरतात, मग घशात काहीतरी अडकल्यासारखं होतं. कोपरा वळलात की ती बैठी, काळपट इमारत. दहा खोल्या. त्यातल्या तिघींना दारं नाहीत, दोन तुंबलेल्या, एकीला कुणी कुलूप घातलंय ते कुणालाच ठाऊक नाही. नळ आहे, पण कोरडा. दिवा नाही. पुरुषांची रांग याच अंगणात, हाताच्या अंतरावर. तिकडून विडीचा धूर येतो आणि त्याबरोबर नजरा येतात. आता कळलं ना, चार वाजता का उठलात? अंधार असतो तोवर तेवढाच आडोसा.

रांगेत उभं राहायला शिका. पुढच्या बाईला आठवा महिना लागलाय. एक हात भिंतीला, एक कमरेला. भिंतीला हात लावावासा वाटत नाही, पण उभं तर राहायचंय. मागच्या मावशींचे गुडघे दुखतात. आत बसलं की उठायला धरायला काही नाही, म्हणून त्या सुनेला बरोबर आणतात आणि सून दार धरून बाहेर थांबते. तुमच्या शेजारची पोरगी काल संध्याकाळपासून पाणी प्यायलेली नाही. रात्री जावं लागू नये म्हणून. तुम्हीही चार दिवस इथं राहिलात तर संध्याकाळी तांब्या तोंडाला लावताना हात थांबेल.

पोरं कुठं आहेत? ती रांगेत नसतात. त्यांना रांगेत कुणी टिकूच देत नाही. मोठी माणसं घाईत, पोराला बाजूला सारून पुढं होतात. शिवाय आतलं ते मोठं भोक आणि खालचा काळोख बघून लहान पोर रडतं. म्हणून ती नाल्याच्या काठी ओळीनं बसलेली दिसतात, गप्पा मारत, आणि जवळच डुकरं वाट बघत उभी.

तुमचा नंबर आला. श्वास कोंडा, साडीचा घोळ दातांत धरा, एका हातानं दार ओढून ठेवा कारण कडी तुटलीय. हात दोनच आहेत आणि कामं चार. बाहेरून आवाज सुरू झालाच: "ओ ताई, आवरा की! लायनीत माणसं मरायला लागली!"

आता चार-सहा महिने पुढं सरकू. टमरेल ठेवा बाजूला, सतरंजीवर बसा.

संध्याकाळ आहे. देवळापुढच्या मोकळ्या जागेत बायका जमल्यात. कुणी लसूण सोलतंय, कुणाच्या मांडीवर पोर पेंगतंय, कुणाचा नवरा लांब उभा राहून ऐकतोय. बोलणं चाललंय पैशाचं, आणि हा पैसा महापालिकेचा आहे. पुण्यात पाचशेच्या वर झोपडपट्ट्या, शहरातल्या दर पाच माणसांतली दोन तिथं राहणारी, आणि १९९२ ते १९९९ या काळात अख्ख्या शहरात संडासांचे जेमतेम २२ ब्लॉक बांधून झाले होते. मग आयुक्त रत्नाकर गायकवाड यांनी जाहिरात देऊन संस्थांना बोलावलं. बांधायचा खर्च महापालिकेचा, पाणी आणि वीजही तिचीच. आराखडा, बांधकाम आणि पुढची निगा संस्थांनी वस्तीला बरोबर घेऊन बघायची. त्यातलं बरंच मोठं काम स्पार्क ही संस्था, झोपडपट्टीवासीयांची नॅशनल स्लम ड्वेलर्स फेडरेशन आणि महिला मिलन या तिघांकडं आलं. महिला मिलन म्हणजे मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी सुरू केलेली संघटना. रोज रुपया-दोन रुपये बाजूला टाकत उभी राहिलेली.

त्यांच्यातलीच एक आज समोर बसलीय. हिंदीत बोलते, मध्येच मराठीत येते. ती भाषण करत नाही, विचारते. सकाळी रांगेत किती वेळ जातो? कोण कुणाला पुढं जाऊ देत नाही? बादली घेऊन आत शिरता येतं का? म्हातारीला उठता येतं का? सगळ्याजणी आधी तोंडाला पदर लावून हसतात. अशा गोष्टी चारचौघींत बोलायच्या असतात का? मग आठव्या महिन्याची ती बाई (आता तिच्या कडेवर लेकरू आहे) बोलायला लागते, आणि धरण फुटावं तशा सगळ्या एकदम सुटतात.

कुणीतरी चुना आणतं. जमिनीवर रेघा मारून खोली आखली जाते. "बसून दाखव गं," म्हटल्यावर मावशी कपड्यांनिशी तिथं उकिडव्या बसतात. गुडघा रेघेबाहेर जातो. रेघ पुसा, चार बोटं सरकवा. आता बादली ठेवा. आता दार उघडा. आत उघडलं तर बादलीला लागतं, बाहेर उघडलं तर रांगेतल्या बाईला लागतं. मग दोन्हीकडं झुलणारं दार करायचं. हात न लावता, ढोपरानं ढकलून आत शिरता येईल असं. हा मोठा शोध आहे, मी अगदी मनापासून सांगतो. ज्या माणसानं दोन्ही हातांत काही घेऊन त्या घाणीत कधी पाऊल ठेवलेलं नाही, त्याच्या नकाशात असं दार येत नाही.

तुम्हीही बोला. इतक्या पहाटे उभ्या राहिलात, तुम्हालाही माहीत आहे. बायकांची वाट वेगळी हवी. नुसता मधे पडदा नको, दारच दुसऱ्या बाजूला. पाणी आलं नाही तरी दिवस निघेल एवढी मोठी टाकी हवी. उजेड हवा, वारा खेळता हवा. म्हाताऱ्यांना आणि पोटुशींना सोपी पडेल अशी बैठक हवी. आणि पोरांचं? पोरांचं वेगळं हवं.

आता उन्हाळा. जुना संडास पाडायचं काम चालू आहे आणि तुम्हाला घमेलं उचलायचंय. पहिल्या दिवशी टाकी उघडली तेव्हा गवंडीसुद्धा चार पावलं मागं सरला. वर्षानुवर्षांचा गाळ, त्यावर घोंघावणाऱ्या माश्या, वरून डोकं फोडणारं ऊन. नाकाला फडकं बांधा आणि तोंडानं श्वास घेऊ नका, चव येते. दुपारपर्यंत घमेल्याचा काठ इतका तापतो की पदराची घडी घालून धरावा लागतो. सिमेंटची धूळ घामावर बसते आणि मानेवर आग होते.

वाळूच्या ट्रकपाशी कालवा कसला? जाऊन बघा. वस्तीतली एक बाई ट्रकवाल्याशी हुज्जत घालतेय. वाळूत माती जास्त आहे, असं तिचं म्हणणं. मूठभर घेते, तळहातावर चोळते, त्याच्या नाकापुढं धरते. "ही भरून आणलीस? परत ने!" वर्षभरापूर्वी हिला खडी आणि कच यातला फरक सांगता आला नसता. आता विटा एकमेकींवर आपटून आवाजावरून भाजणी ओळखते. काही बायका थेट ठेकेदार झाल्यात. महापालिकेचे काही इंजिनिअर पहिल्यांदा नुसते बघत राहतात, बाईशी लेव्हलबद्दल बोलायचं कसं ते त्यांना सुचत नाही. पण आयुक्त दर आठवड्याला अधिकारी आणि संस्था यांना समोरासमोर बसवतात, अडलेलं काम तिथंच मोकळं होतं, आणि इकडं वस्तीत इंजिनिअरसाहेब ओळंबा धरून उभ्या बाईला "ताई, जरा डावीकडं" म्हणायला शिकतात.

आता नवी साडी नेसा. आज मेळा आहे, संडास मेळा! हसू येतंय? येऊ दे, सगळ्यांनाच येतंय. उद्घाटनाचा एवढा थाट कुणी संडासासाठी केलेला तुम्ही पाहिला नसेल. दारापुढं रांगोळी, दरवाजाला झेंडूचं तोरण, पताका, ढोल-ताशा. कानठळ्या बसतायत. लाऊडस्पीकरला मध्येच शिट्टी येते. पाहुणे आलेत, नारळ फुटतो, खोबऱ्याचे तुकडे हातोहात फिरतात. आणि गर्दी आत शिरते ती देवदर्शनाला गेल्यासारखी, चपला बाहेर काढून. कुणी सांगितलेलं नाही, आपणहून. ओल्या चुन्याचा आणि नव्या रंगाचा वास येतोय. इथं, या जागेवर! नळ सोडा. पाणी येतं.

पोरांकडं चला, खरी मजा तिथं आहे. छोट्या बैठका, भोक लहान, आत पडायची भीती नाही. बसल्यावर तोल जाऊ नये म्हणून पुढं धरायला कड्या. उजेडात, आयांच्या नजरेसमोर. तीन-चार वर्षांची पोरं आधीच जाऊन बसलीत, एकमेकांकडं बघून खिदळतायत, उठायला तयार नाहीत.

पैशाचं गणितही ऐकून घ्या, कारण इथं ते बायकांना तोंडपाठ आहे. दुसरीकडं पैसे देऊन वापरायचा संडास माणशी एक रुपया. पाच माणसांचं घर, दिवसाला एकदाच गेलं तरी महिन्याचे दीडशे झाले. मोलकरणीच्या पगारातून ते निघत नाहीत, म्हणून पोरं पुन्हा नाल्यावर जातात. इथं अख्ख्या घराला महिन्याचा पास वीस रुपयांचा. त्यातून साफसफाई आणि राखणदाराचा पगार. राखणदाराला इथंच खोली, तो बायकापोरांसकट राहतो. ज्याच्या चुलीपासून संडास दहा पावलांवर, तो तुंबू देत नाही.

सगळीकडं असं झालं, असं मी म्हणणार नाही. जिथं बैठकाच झाल्या नाहीत, वस्तीला विचारलंच नाही, तिथं नव्या भिंतीही लवकर जुन्या झाल्या. पण १९९९ ते २००१ या दोन वर्षांत पुण्यात आधीच्या तीस वर्षांत झाले नव्हते इतके संडास उभे राहिले. चारशेच्या वर ब्लॉक, सुमारे दहा हजार सीट. पाच लाखांहून जास्त माणसांची सकाळ बदलली. हा आकडा मला फार मोठा वाटतो, कारण त्यातली एकेक सकाळ कशी होती ते तुम्ही आत्ता बघितलंत.

२००१ च्या जूनमध्ये न्यूयॉर्कला, संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात, घराचा आणि संडासाचा नमुना उभा राहिला. महासचिव कोफी अन्नान आले, आणि भारतातल्या व दक्षिण आफ्रिकेतल्या गरीब वस्त्यांमधल्या बायकांनी गात, नाचत त्यांना त्यातून फिरवलं. तिथं जायला विमान लागतं. आपल्याला टेम्पो पुरे.

चढा मागं, दाटीवाटीनं बसा. शेजारणीची कोपरं बरगडीत लागतायत, टेम्पो खड्ड्यात आपटतोय, कुणीतरी गाणं सुरू केलंय आणि बाकीच्या सूर जुळत नसतानाही ओरडून साथ देतायत. चाललोय दुसऱ्या वस्तीत, तिथल्या बायकांनी बोलावलंय. उतरताच गराडा पडतो. एकजण विचारते, पैसे किती लागले? दुसरी, नगरसेवक आडवा आला नाही? तिसरी, पाणी रोज येतं का खरं सांगा. मागून एक म्हातारी काठी टेकत पुढं येते आणि थेट तुम्हालाच विचारते, "बाई, आत धरायला काय हाय का न्हाय?" चुना कुठं ठेवलाय बघा. तिला बसवून दाखवा, आणि माप तिच्याच गुडघ्याचं घ्या.