वहिनीसाठी म्हणून आणलेली गोळी

मेडिकल उघडं होतं. मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये चिंचवड-आकुर्डीची शटरं खाली होती, चाकणच्या कंपन्या बंद होत्या, पण औषधांच्या दुकानांना सूट होती. म्हणजे कागदावर काहीच अडलं नव्हतं.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. मैत्रीण रूम सोडून चाकणजवळच्या गावी घरी पोचली आणि लगेच लॉकडाऊन लागलं. दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला. (तिला विचारूनच लिहितेय.) तिला इमर्जन्सी गोळी हवी होती. ही गोळी २००५ पासून चिठ्ठीशिवाय मिळते आणि ७२ तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी, घ्यायची असते. पण गावात मेडिकल एकच, आणि दुकानदार तिच्या पप्पांचा मित्र. आमच्या दोघींच्या मध्ये नाकाबंदी.

शेवटी तिच्या वहिनीने ती स्वतःसाठी म्हणून आणली. वहिनीला कुणी काही विचारलं नाही.

मी डेटाबेसवर काम करते, त्यामुळे मला ही गोष्ट रकान्याची वाटते. आशाताई २०११ पासून घरपोच गर्भनिरोधकं देतात: तीन निरोधचं पाकीट एक रुपयाला, इमर्जन्सी गोळी दोन रुपयांना. पण त्यांची यादी 'पात्र जोडप्यां'ची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला गर्भनिरोधक वापराचा ठळक आकडाही विवाहित स्त्रियांचाच. होस्टेलमधली मुलगी कुठल्या ओळीत बसवायची?

गर्भपाताच्या १९७१ च्या कायद्यातही साधन फसल्याचं कारण फक्त 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' यांच्यापुरतं होतं. ते बदलून 'कोणतीही स्त्री किंवा तिचा जोडीदार' करणारं विधेयक लोकसभेने १७ मार्च २०२० ला मंजूर केलं. आठवडाभरात देश बंद झाला. राज्यसभेची मंजुरी १६ मार्च २०२१ ला आली, अंमल त्याच वर्षी २४ सप्टेंबरपासून. कोविडचं ते अख्खं वर्ष मुली जुन्याच शब्दांखाली होत्या.

गंमत म्हणजे र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं ते १९२१ मध्ये. विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी त्यापायी गेली, 'समाजस्वास्थ्य'वर अश्लीलतेचे खटले झाले. एकात तर डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. केंद्रापासून कायद्यातल्या त्या एका शब्दापर्यंत बरोबर शंभर वर्षं.

मैत्रीण आता हिंजवडीत नोकरी करते. गोळ्या ऑनलाइन मागवते, डिलिव्हरीचा पत्ता ऑफिसचा देते.