ताग्यावरची लक्ष्मी

वस्तू घरी आली की तिच्यावरचा कागद आपण फाडून टाकतो. आतल्या जिनसेचे गुणदोष घरात चार दिवस बोलले जातात. वरच्या कागदाचे नावही कोणी काढीत नाही. राजांच्या सनदा आणि ताम्रपट आपण जपले, बाजारातले कागद मात्र चुलीत गेले. पण सामान्य माणसाचा विश्वास कशावर बसत होता हे जाणून घ्यायचे असेल, तर सनदेपेक्षा हा टाकाऊ कागदच अधिक सांगून जातो. कापडाच्या ताग्यांवर एके काळी जी रंगीत चित्रे चिकटवीत, त्यांची कथा म्हणूनच सांगावीशी वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मँचेस्टरचे कापड मुंबई बंदरात गठ्ठ्यागठ्ठ्यांनी उतरत असे. या गिरणीच्या कापडाची एक अडचण होती. एक तागा दुसऱ्यासारखाच दिसे. हातमागाच्या लुगड्याला विणकराचे गाव असे, ओळखीचा काठ असे. या कापडाला ना गाव ना काठ. मागच्या खेपेचेच कापड पुन्हा मिळते आहे, हे गिऱ्हाइकाने ओळखावे कसे? नाव छापावे, तर वाचणार कोण? १९०१ च्या शिरगणतीत शंभरांतून पाच-सहा माणसेच काय ती साक्षर होती. तेव्हा व्यापाऱ्यांनी नावाच्या जोडीला चित्र चिकटवले. हत्ती, वाघ, मोर, मुरलीधर, गजलक्ष्मी! लांबलचक इंग्रजी नावाशी गिऱ्हाइकाला कर्तव्य नव्हते. ‘हत्ती छाप द्या’ म्हटले की काम होई.

ही चित्रे विलायतेत शिळाप्रेसवर छापली जात. दगडावर तेलकट खडूने चित्र काढायचे, मग दगड ओला करायचा. शाई धरते ती फक्त तेलकट जागी. प्रत्येक रंगाला दगड वेगळा. आठ रंग असले तर तोच कागद आठ वेळा दाबाखाली जाई, आणि तो केसभर सरकला की देवीच्या ओठांचा रंग हनुवटीवर उतरे. तिकडच्या चित्रकारांपैकी बहुतेकांनी हिंदुस्थान पाहिलेलाही नसे. इकडून धाडलेल्या नमुन्यांवरून ते चित्र काढीत. म्हणून कित्येक लेबलांवरची लक्ष्मी पातळ नेसलेली असली तरी चेहऱ्याने मडमच दिसते! पण या परक्या चित्रकाराचा खरा गुरू इथले गिऱ्हाईक होते. जे चित्र खपले नाही ते मागे पडले, जे डोळ्यांत भरले ते पुन्हा छापले गेले. आपल्या अडाणी म्हटलेल्या माणसांनी समुद्रापलीकडच्या कुंचल्याला असे वळण लावले.

इकडे राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत आपला छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या मालकीचा झाला. तेथे देवादिकांच्या तसबिरींबरोबर व्यापारी मालाची लेबलेही छापली गेली. रविवर्म्याची लक्ष्मी देव्हाऱ्यात बसली, तशी मालाच्या वेष्टनावरही जाऊन बसली.

माझ्या आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेला, झाकणाच्या आतल्या बाजूने, अशी तीन लेबले खळीने चिकटवलेली होती. मधले गजलक्ष्मीचे. त्यावरची सोनेरी भुकटी बरीचशी उडाली होती. ते कापड केव्हाच फाटून त्याच्या गोधड्या झाल्या, गोधड्याही विरल्या. कागद तेवढा राहिला. ट्रंक उघडली की आजी आधी लक्ष्मीला बोट लावून ते कपाळी नेई. खाली इंग्रजीत पेढीचे नाव होते, ते तिला वाचता येत नव्हते. चित्रकाराचे नाव तर कोठेच नव्हते.

तो नमस्कार आठवला की मन आजही अस्वस्थ होते. श्रद्धा देवीवरची, लाभ मात्र पेढीचा! ज्या ताग्यावर ती लक्ष्मी बसली होती, तसल्याच ताग्यांनी किती घरांतले माग थांबवले! शिवाय चित्र म्हणजे मापाची हमी नव्हे. १८८९ च्या मालचिन्हांच्या कायद्याने ताग्यावर लांबीचा आकडा छापणे सक्तीचे केले, यातच सारे आले. आणि १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी रस्त्यावर विदेशी कापडाच्या मोटारीपुढे बाबू गेनू हा गिरणी कामगार आडवा झाला, तिच्याखाली चिरडून गेला. त्या गठ्ठ्यांतही एखादी गजलक्ष्मी नसेलच असे कोणी सांगावे?

यात चित्राचा दोष नाही. आपल्या गिरण्यांनीही देवदेवतांची अशीच चित्रे स्वदेशी कापडावर लावली. वेष्टनावरचे चित्र म्हणजे कोणीतरी दुसऱ्याच्या वतीने दिलेले वचन असते. चित्रकार ते सुंदर करू शकतो. खरे करणे मालकाच्या हाती. पुढे मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत १९३५ पासून जाहिरातकलेचे रीतसर शिक्षण मिळू लागले. पण कितीही शिक्षण झाले तरी हे ओझे त्या कलेच्या खांद्यावरून उतरलेले नाही. मी शिक्षक आहे. पहिलीतल्या मुलांना ‘ब’ ओळखता येण्याआधी बिस्किटाचा पुडा ओळखता येतो, हे दरवर्षी पाहतो. वाचता न येणारे गिऱ्हाईक अजून आहेच. फक्त ते वयाने लहान झाले आहे.

या दिवाळीत घरोघर फटाक्यांचे पुडे येतील. त्यांतले बहुतेक शिवकाशीचे असतील. आगपेट्यांच्या आणि फटाक्यांच्या लेबलांपायीच त्या गावात छपाईचा मोठा धंदा उभा राहिला. मुले पुडा फोडतील तेव्हा वरचा कागद एकदा हातात घेऊन पाहावा. काढणाऱ्याचे नाव त्यावर बहुधा नसेल. पण त्याने दिलेले वचन आतल्या मालाने पाळले की नाही, हे मुलांना विचारावे. ती खरे तेच सांगतील.