पीक किती आण्यांचं? दुष्काळाची सवलत आणि लोकांचं म्हणणं

आजचा विषय ऐकायला जरा कोरडा वाटेल. दुष्काळात सरकारी मदत कोणाला मिळावी हे ठरवताना सरकारनं लोकांना काय विचारलं, आणि लोकांनी उत्तर दिल्यावर त्या उत्तराचं पुढं काय झालं, एवढंच आपल्याला बघायचं आहे. पण या कोरड्या प्रश्नावर माणसं जगली आहेत आणि मेलीही आहेत. त्यामुळे जरा सावकाश जाऊ.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना हाताशी राहील. सरकार लोकांना दोन प्रकारचे प्रश्न विचारू शकतं. एक, 'तुमच्याकडे परिस्थिती काय आहे?' हा माहितीचा प्रश्न. दुसरा, 'परिस्थिती किती वाईट झाली म्हणजे मदत द्यायची?' हा मापाचा प्रश्न. दीडशे वर्षांची कागदपत्रं चाळताना आम्हाला असं दिसतं की पहिला प्रश्न सरकारनं बऱ्याचदा विचारला. दुसरा मात्र स्वतःच्या मुठीत ठेवला. आणि लोकांनी त्या मुठीला हात घातला की भांडण झालं.

सुरुवात १८७६ पासून करू. त्या साली दख्खनमध्ये पाऊस गेला. सोलापूर, अहमदनगर, पुणे, सातारा, कलादगी, खाली मद्रास आणि म्हैसूरपर्यंत दुष्काळ पसरला. लॉर्ड लिटन व्हाइसरॉय होते. त्यांनी जानेवारी १८७७ मध्ये सर रिचर्ड टेंपल यांना पाहणीसाठी पाठवलं. या टेंपलसाहेबांची एक पूर्वपीठिका आहे. १८७४ मध्ये बिहारच्या दुष्काळात त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ मागवून लोक वाचवले होते, आणि फार खर्च केला म्हणून वरून बोलणी खाल्ली होती. या खेपेला ते काटकसर करूनच दाखवायची असं ठरवून आल्यासारखे वागले. दिवसभराच्या अंगमेहनतीला पुरुषाला एक रतल धान्य, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम, आणि वर एक आणा. बाईला, पोराला त्याहून कमी. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी कडक विरोध केला. निदान दीड रतल तरी हवं, शिवाय भाजीपाला आणि डाळ हवी, असं त्यांचं म्हणणं. पुढे मजुरी थोडी वाढवावी लागली.

पण आपल्या विषयाच्या दृष्टीनं मजुरीइतकीच महत्त्वाची आहे ती कसोटी. मदतीला पात्र कोण, हे सरकारला कोणाला विचारायचंच नव्हतं. काम कष्टाचं ठेवायचं, मजुरी जेमतेम ठेवायची, आणि घरापासून दहा-दहा मैल लांब यायला लावायचं. एवढं सोसून जो येईल तो खरा गरजू. म्हणजे माणसाचं शरीर हाच त्याचा पुरावा! जो इतका खंगला की दहा मैल चालूच शकत नाही, त्याचा पुरावा या पद्धतीत कुठं बसायचा? यावर मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी जे उत्तर दिलं ते विलक्षण आहे. हजारो लोक कामं सोडून निघून गेले. उपाशी माणसांनी केलेला संप. आमच्या मते या इतिहासातलं लोकांचं पहिलं मोठं 'म्हणणं' हेच. कोणी मागितलेलं नव्हतं, आणि ते तोंडानं मांडलेलंही नव्हतं, पायांनी मांडलं होतं.

हे म्हणणं कागदावर आणायचं काम पुण्याच्या सार्वजनिक सभेनं केलं. सभा १८७० ची. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, तिचे प्राण. आणि १८७१ पासून पुण्यात असलेले न्यायमूर्ती रानडे तिचं डोकं. सभेचा एक नियम आज मुद्दाम आठवावा असा आहे: सभासद व्हायचं तर किमान पन्नास माणसांच्या सह्यांचं मुख्त्यारपत्र आणावं लागे. 'तुम्ही कोणाच्या वतीनं बोलता?' असं सरकारनं विचारलं तर दाखवायला कागद हवा, हा हिशेब. मतदान नव्हतं, निवडणुका नव्हत्या, अशा काळात हे केलं आहे. तर या सभेनं जिल्ह्याजिल्ह्यांतून बातमी गोळा केली, सरकारकडे एकामागून एक पत्रं पाठवली, आणि संप करणाऱ्या मजुरांची बाजू घेतली.

सरकारनं ऐकलं का? काही अंशी. १८७८ मध्ये सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखाली दुष्काळ आयोग नेमला गेला, १८८० मध्ये त्याचा अहवाल आला. आयोगानं प्रश्नावली काढली, साक्षी घेतल्या. सभासदांत दोन हिंदी गृहस्थही होते: म्हैसूरचे रंगाचार्लू आणि कोल्हापूरचे कारभारी महादेव वासुदेव बर्वे. (हेच ते बर्वे, ज्यांच्या बदनामीच्या खटल्यात पुढं १८८२ मध्ये टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात जावं लागलं. पण ती वेगळी गोष्ट.) या अहवालातून दुष्काळ-संहिता निघाल्या, ज्याला आपण फॅमिन कोड म्हणतो. कष्टाची कसोटी राहिली. मात्र ज्यांना काम झेपणारच नाही, म्हणजे वृद्ध, आंधळे, पांगळे, त्यांच्यासाठी गावात याद्या करायच्या आणि फुकट मदत द्यायची, हे लेखी आलं. यादी करायची गावच्या पाटील-कुलकर्ण्यांनी, तपासायची वरच्या अंमलदारानं. गावाला विचारायचं म्हणजे गावच्या वतनदाराला विचारायचं, इतपत ही मजल. गावकुसाबाहेरच्या माणसाचं नाव त्या यादीत कोण आणि किती आठवणीनं घालणार, हे सांगायला नको.

तरी कोड छापला गेला ही मोठी गोष्ट होती. कारण छापलेला नियम कोणीही वाचू शकतो. हे पुढं सरकारला चांगलंच जाणवलं.

१८९६ मध्ये पुन्हा पाऊस गेला. सार्वजनिक सभा आदल्याच वर्षी टिळकांच्या गटाकडे आली होती. टिळकांनी काय केलं, तर सरकारचाच कोड सरकारच्याच रयतेला समजावून सांगितला. 'केसरी'तून लिहिलं, सभेचे माणसं ठाणे, कुलाबा अशा जिल्ह्यांत गावोगाव फिरली. पीक बुडालं असेल तर सारा तहकूब होऊ शकतो, काम मागता येतं, हे तुमच्याच सरकारनं लिहून ठेवलंय, मागा. बस्स, एवढंच. यात कायदेभंग नव्हता. तरी प्रचारकांवर खटले भरले गेले, आणि १८९७ मध्ये मुंबई सरकारनं जाहीर केलं की सार्वजनिक धोरणाबाबत सरकारकडे म्हणणं मांडणारी संस्था म्हणून या सभेला यापुढे मान्यता नाही. वीस वर्षांपूर्वी जिची पत्रं दप्तरी दाखल होत, तिच्यासाठी दार बंद. का? आम्हाला वाटतं, सभा तोवर माहिती पुरवत होती. आता ती लोकांना माप वाचायला शिकवू लागली.

आता त्या मापाकडे येऊ. रुपयाचे सोळा आणे. गावाचं पीक सोळा आणे म्हणजे पूर्ण. आठ आणे म्हणजे निम्मं. चार आणे म्हणजे पाव. याला आणेवारी म्हणायचं. ऐकायला सोपं आहे, पण यात दोन ठिकाणी मेख आहे. पहिली, शेतात आज किती पिकलंय हे कोण बघणार? दुसरी त्याहून खोल: सोळा आणे पीक म्हणजे नक्की किती? एकरी आठ मण धरलं आणि दोन मण आलं, तर चार आणे. तेच पूर्ण पीक सहा मणांचं धरलं तर त्याच दोन मणांचे पाच आण्यांहून जास्त होतात, आणि सवलत गेली! शेतातली कणसं तेवढीच.

हे भांडण सर्वांत उघडपणे झालं ते आपल्याच इलाख्यात, गुजरातेत, खेडा जिल्ह्यात. १९१७ मध्ये तिथं अतिवृष्टीनं खरीप गेलं. नियम असा होता की पीक चार आणे किंवा त्याखाली असेल तर त्या वर्षीचा सारा तहकूब व्हावा. शेतकरी म्हणाले, चाराच्या खाली आहे. महसुली अधिकारी म्हणाले, वर आहे. मग शोध घ्यायला कोण गेलं, तर भारत सेवक समाजाचे देवधर, ना. म. जोशी आणि अमृतलाल ठक्कर. पुढं गांधीजी आणि त्यांचे सहकारी गावोगाव फिरले, स्वतः पिकाचे अंदाज घेतले. म्हणजे सरकारी आणेवारीच्या शेजारी लोकांची आणेवारी उभी राहिली. गांधीजींची मागणी काय होती हे नीट लक्षात घ्या. आमचाच आकडा धरा, असा त्यांचा हट्ट नव्हता. निःपक्षपाती चौकशी करा आणि तिच्यात लोकांचे प्रतिनिधी घ्या, हे मागणं होतं. सरकारला नेमकं तेच नको होतं. कमिशनर प्रॅट यांची भूमिका स्वच्छ होती: साऱ्याच्या बाबतीत अखेरचा शब्द सरकारचा. तहकुबी ही सरकारची मेहेरबानी, रयतेचा हक्क नव्हे. २२ मार्च १९१८ ला नडियादला सत्याग्रह सुरू झाला. जूनमध्ये तडजोड झाली: ज्यांची ऐपत आहे त्यांनी भरावं, गरिबांचा सारा तहकूब. आणेवारी कोणाची खरी, याचा निकाल मात्र लागलाच नाही. तो बाजूला ठेवूनच मिटवामिटवी झाली.

स्वातंत्र्यानंतर माणसं बदलली, शब्द बदलले. १९६३ मध्ये तर महाराष्ट्रानं चक्क कायदा करून कायद्यांतून 'फॅमिन' हा शब्दच काढून टाकला आणि त्या जागी टंचाई घातली. आण्यांचे पैसे झाले, आणेवारीची पैसेवारी झाली. पन्नास पैशांच्या खाली गेलं की गाव टंचाईग्रस्त. पण एक बदल खरा होता, तो नाकारता येणार नाही. गावात समिती आली: मंडळ अधिकारी, तलाठी, आणि त्यांच्या बरोबरीनं सरपंच, सोसायटीचा अध्यक्ष, गावातले शेतकरी. हंगामी पैसेवारी जाहीर करायची, हरकती मागवायच्या, मग सुधारित, मग अंतिम. १८९७ मध्ये ज्याबद्दल खटले झाले, ते आता परिपत्रकात आलं.

आणि त्यावर अवलंबून काय असतं? जमीन महसुलात सूट, कर्जाचं पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात साडेतेहतीस टक्के सूट, पोरांची परीक्षा फी माफ, टँकर. पैसेवारी एकोणपन्नास लागली तर हे सगळं. एक्कावन्न लागली तर काही नाही. आणि एकक आहे गाव, शेतकरी नव्हे. कालव्याखालची चार शेतं हिरवी असतील तर कोरडवाहू माणसाचं गणित बिघडतं. समितीत बसलेला शेतकरी पीक बघतो, सांगतो. पण प्रमाण उत्पन्न किती धरायचं, रेघ पन्नासवर का, हे त्याला कोणी विचारत नाही. आपण मघाशी म्हटलं तोच फरक.

इथं रोजगार हमीचा उल्लेख केला पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रानं ती राबवली, १९७७ मध्ये कायदा केला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. वरवर पाहिलं तर ही टेंपलचीच कसोटी: काम करायला येईल तो गरजू. पण वि. स. पागे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती उलटी केली. मागेल त्याला काम, आणि काम देणं ही सरकारची जबाबदारी. पात्र कोण, हे मागणाराच ठरवणार. लोकांना विचारण्याचा याहून सरळ मार्ग आम्हाला तरी दुसरा दिसलेला नाही.

आता अलीकडचं. २०१६ च्या अखेरीस केंद्रानं नवी दुष्काळ संहिता आणली, २०१७ मध्ये राज्यानं ती स्वीकारली. आता आधी पावसाची आकडेवारी, मग उपग्रहावरून पिकाचा हिरवेपणा, जमिनीतला ओलावा, भूजल, पेरणीचं क्षेत्र. मग काही निवडक गावांत जाऊन सत्यमापन. तालुका हे एकक. पैसेवारीत वशिला चालायचा, दबाव यायचा, ही तक्रार खोटी नव्हती. उपग्रहाला कोणी चहा पाजू शकत नाही. पण त्याला हरकतही घेता येत नाही. ३१ ऑक्टोबर २०१८ ला १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, आणि लगेच उरलेल्या भागातून आरडाओरड सुरू झाली. पुढच्या काही महिन्यांत आणखी मंडळं, गावं जोडावी लागली. २०२३ मध्ये तर याहून ठळक. ३१ ऑक्टोबरला ४० तालुके जाहीर झाले. यंत्रानं इतके दिले म्हणून इतके. दोन आठवडे होतात न होतात तोच, नोव्हेंबरमध्ये, १,०२१ महसुली मंडळांत दुष्काळसदृश परिस्थिती मान्य करावी लागली. यादीआधी जे विचारलं नाही, ते लोकांनी यादीनंतर मोर्चे काढून, निवेदनं देऊन, आमदारांना गाठून सांगितलं.

मंडळात पाऊस किती पडला हे आता त्या मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्रावरून कळतं. एका मंडळात बरीच गावं असतात आणि पाऊस तर एका बांधावर पडून दुसऱ्यावर पडत नाही. म्हणून हल्ली तहसीलच्या दारात जी निवेदनं येतात त्यांत एक मागणी वारंवार असते: आमच्या गावात वेगळं पर्जन्यमापक यंत्र बसवा. आता प्रश्न असतील तर घेऊ या.