आईच्या डब्यातली गोळी

मार्च 2020. शेजारचे काका दारातूनच आईला म्हणाले, "वहिनी, तुमच्या त्या गोळीची एक स्ट्रिप मिळेल का?"

आईला आमवात आहे. ती रोज रात्री जेवणानंतर हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची 200 मिलिग्रॅमची गोळी घेते. आमच्या घरात तिचं नाव 'सांध्याची गोळी'. त्या आठवड्यात मात्र ती अख्ख्या जगाला हवी होती. मार्सेयच्या दिदिए राऊल यांच्या गटाचा अभ्यास नुकताच आला होता. आयसीएमआरने आरोग्य कर्मचाऱ्यांना आणि कोरोना रुग्णांच्या घरच्यांना ती प्रतिबंधक म्हणून सुचवली होती. व्हॉट्सॲपवर डोससकट फॉरवर्ड फिरत होते.

"दे गं त्यांना एक," आई म्हणाली. "मी इतकी वर्षं घेतेय, मला काय झालं?"

या वाक्यात काय चुकतंय, हे कळायला मला पुढे या औषधाचा इतिहास वाचावा लागला.

1934 मध्ये जर्मनीत बायर कंपनीतल्या हान्स आंडरझाग यांनी क्लोरोक्विन तयार केलं. माणसाला झेपणार नाही इतकं विषारी, असं ठरवून ते बाजूला ठेवलं गेलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ते पुन्हा तपासलं, तेव्हा कळलं की योग्य डोसमध्ये ते मलेरियावर उत्तम चालतं. 1946 मध्ये त्याचं सौम्य भावंड आलं, ते हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. म्हणजे औषध तेच. आधी विष ठरलं, मग तारणहार.

सांध्यांसाठीचा वापरही मुळात उसनाच. युद्धात मलेरियाच्या गोळ्या घेणाऱ्या सैनिकांचे त्वचेचे आणि सांध्यांचे जुने त्रास कमी झालेले दिसले, तिथून धागा सापडला. पण त्यानंतर डॉक्टरांनी वर्षानुवर्षं रुग्णांवर लक्ष ठेवलं. दीर्घकाळ घेतल्यास डोळ्याच्या पडद्याला इजा होऊ शकते, हे त्यातूनच समजलं. आई दरवर्षी डोळे तपासून घेते, ते यामुळे. तिची गोळी 'सुरक्षित' आहे ती या आजारात, या डोसला, या देखरेखीखाली.

कोविडने हे तिन्ही बदललं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यानंतर पुढच्या ठोक्यासाठी त्याची विद्युत यंत्रणा पूर्ववत व्हावी लागते. हे औषध तो वेळ लांबवू शकतं. ॲझिथ्रोमायसिनही तेच करू शकतं. आणि तेव्हा दोन्ही एकत्र दिली जात होती. निरोगी माणसाला बहुधा काही होत नाही. पण आधीच हृदयविकार असेल, रक्तातलं पोटॅशियम घसरलेलं असेल, तर ठोक्यांची लय जीवघेणी बिघडू शकते.

ब्राझीलमधल्या मनौस शहरात 81 गंभीर रुग्णांवर क्लोरोक्विनच्या दोन डोसांची तुलना झाली. तेराव्या दिवसापर्यंत मोठ्या डोसच्या गटात 39 टक्के दगावले, लहान डोसच्या गटात 15 टक्के. मोठ्या डोसच्या गटात वयस्कर आणि हृदयविकाराचे रुग्ण जास्त होते, हेही खरं. पण तो डोस तिथेच थांबवण्यात आला. मग ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीचे निकाल आले. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिलेल्या 1561 जणांपैकी 28 दिवसांत 27 टक्के दगावले, नेहमीचे उपचार मिळालेल्या 3155 जणांपैकी 25 टक्के. फायदा काहीच नाही.

मार्सेयच्या अभ्यासात औषध दिलेले 26 जण होते, पण हिशेबात धरले 20. वगळलेल्या सहांपैकी तिघं अतिदक्षता विभागात गेले होते आणि एक दगावला होता. 2024 मध्ये तो निबंध मागे घेण्यात आला. घाई फक्त आशेच्या बाजूने झाली असंही नाही. हे औषध मृत्यू वाढवतं, असं सांगणारा 'लॅन्सेट'मधला मोठा अभ्यासही मे 2020 मध्ये आला आणि त्याची आकडेवारी तपासता येईना म्हणून दोन आठवड्यांत मागे घेतला गेला.

हे सगळं मला त्या दिवशी ठाऊक नव्हतं. स्ट्रिप माझ्या हातात होती. केवळ खात्रीसाठी आईच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी एकच विचारलं, "त्यांचा ईसीजी शेवटचा कधी काढलाय?"

काकांची बायपास झालेली होती आणि ठोके चुकतात म्हणून त्यांची गोळी चालू होती. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, पण आठवलं कुणालाच नव्हतं. आयसीएमआरनेही हृदयाची लय बिघडलेल्यांना हे औषध देऊ नये, असं मे महिन्याच्या सुधारित सूचनेत घातलं.

मी नाही म्हटलं. काका रागावले. "चार गोळ्यांसाठी एवढं?" म्हणाले, आणि महिनाभर बोलले नाहीत. एप्रिलमध्ये आईचीच गोळी दुकानात मिळेना. ती एक दिवसाआड घेऊ लागली, आणि सकाळी तिच्याने कुकरचं झाकण फिरवेना.

ती स्ट्रिप दिली असती तर काकांना काही झालं असतं का? कदाचित काहीच नाही. आणि मग "काही होत नाही" हे वाक्य आमच्या मजल्यावर आणखी एका पुराव्यासह फिरत राहिलं असतं.