ड्यूसेबल हायस्कूलचा संगीतवर्ग

शाळेच्या वेळापत्रकात संगीताच्या तासाला नेहमीच दुय्यम स्थान मिळत आले आहे. परीक्षा जवळ आली की पहिली कात्री त्यालाच लागते. तथापि अमेरिकेतील शिकागो शहराच्या एका सरकारी शाळेत याच तासाने जॅझ संगीताला एकामागून एक श्रेष्ठ वादक दिले. त्या संगीतवर्गाचा इतिहास शाळेविषयी आस्था असणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावा असा आहे.

पहिल्या महायुद्धाच्या काळापासून अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून लाखो कृष्णवर्णीय कुटुंबे रोजगाराच्या शोधात उत्तरेकडील शहरांत येऊ लागली. शिकागोत त्यांच्या वाट्याला शहराच्या दक्षिण भागातील एक चिंचोळा पट्टा आला. इतरत्र त्यांना घर विकू नये वा भाड्याने देऊ नये, अशा अटी मालमत्तेच्या करारांतच लिहिलेल्या असत. वादकांच्या कामगार संघटनासुद्धा गोऱ्यांची एक आणि कृष्णवर्णीयांची दुसरी, अशा वेगळ्या होत्या. त्या एकत्र व्हायला १९६६ साल उजाडले. या वस्तीतील वेंडेल फिलिप्स हायस्कूलमध्ये मुलांची गर्दी मावेनाशी झाली, तेव्हा १९३५ मध्ये नवी इमारत उघडण्यात आली. शिकागोच्या भूमीवर अठराव्या शतकात प्रथम स्थायिक झालेला कृष्णवर्णीय व्यापारी ज्याँ बाप्तिस्त प्वाँ द्यू साब्ल याचे नाव पुढे या शाळेला मिळाले. शिकागोकरांच्या तोंडी त्याचे ‘ड्यूसेबल’ झाले.

या शाळेच्या बँडचे शिक्षक होते वॉल्टर डायट. त्यांचा जन्म १९०१ चा. कॅलिफोर्निया विद्यापीठात ते वैद्यकीय शिक्षणाची पूर्वतयारी करीत होते. पण ओढ संगीताची होती. शिकागोत आल्यावर त्यांनी वाद्यवृंदात काम केले, लष्करी पथकाचा बँड सांभाळला आणि ‘कॅप्टन’ ही उपाधी त्यांच्या नावाला कायमची चिकटली. १९३१ मध्ये ते फिलिप्स हायस्कूलमध्ये रुजू झाले, तेथून ड्यूसेबलमध्ये आले आणि १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांपर्यंत तेथेच शिकवीत राहिले.

कॅप्टन डायट शिस्तीला अत्यंत कडक होते. भल्या मोठ्या बँडमध्ये एकाचाच स्वर चुकला, तरी तो कोणाचा, हे त्यांना नेमके कळे, अशी आठवण त्यांचे विद्यार्थी सांगत. स्वरलेखन वाचता येणे, नाद शुद्ध असणे आणि वेळ पाळणे यांत सवलत नसे. जॉनी ग्रिफिन या मुलाला सॅक्सोफोनच हवा होता. डायट यांनी त्याच्या हाती आधी क्लॅरिनेट दिले. क्लॅरिनेटवर बोटे आणि फुंक पक्की झाली की सॅक्सोफोन सोपा जातो, हे वादकांना ठाऊक असते. १९४५ मध्ये शाळा संपताच हा सतरा वर्षांचा मुलगा लायोनेल हॅम्प्टन यांच्या नामांकित वाद्यवृंदात दाखल झाला.

जॅझमधील उत्स्फूर्त वादन म्हणजे मनाला येईल ते वाजवणे, असा एक गैरसमज आहे. आपल्याकडील ख्यालगायन ऐकणाऱ्याला त्याचे मर्म उमगणे कठीण नाही. ख्यालात बंदिश आणि तालाचे आवर्तन ठरलेले असते. गायक त्या चौकटीत उपज करतो आणि समेवर येतो. जॅझमध्येही ब्लूजचे १२ किंवा गीताचे ३२ मात्राखंड पुन्हा पुन्हा फिरत राहतात. फरक असा की, तेथे एकाच रागाच्या आधाराऐवजी प्रत्येक खंडाखाली कॉर्ड, म्हणजे स्वरसंघ, बदलत जातो. वादकाला क्षणाक्षणाला बदलणाऱ्या या जमिनीचे भान ठेवून, त्याच क्षणी नवी स्वरावली रचावी लागते. त्यासाठी कान तयार हवा, स्वरसंघांचे ज्ञान हवे आणि बोटांना विचार करावा लागू नये इतका रियाज हवा.

ही तयारी वर्गात होई आणि तिची कसोटी रंगमंचावर लागे. ‘हाय-जिंक्स’ नावाचा संगीत-नाट्याचा वार्षिक कार्यक्रम विद्यार्थी बसवीत आणि त्याच्या तिकिटांतून वाद्ये व गणवेश यांसाठी पैसा उभा राही. शाळेपासून थोड्याच अंतरावर, ४७ व्या रस्त्यावर, रीगल थिएटर होते. तेथे ड्यूक एलिंग्टन आणि काउंट बेसी यांचे वाद्यवृंद येत. वर्गात गिरवलेली स्वरभाषा थोर वादक कशी बोलतात, हे मुलांना आपल्याच मोहल्ल्यात ऐकायला मिळे.

नॅट किंग कोल, डायना वॉशिंग्टन, जीन अमन्स, व्हॉन फ्रीमन, एडी हॅरिस, जॉन गिलमोर अशी अनेक नावे डायट यांच्या शिष्यमंडळींत घेतली जातात. विशेष हा की, यांतील कोणाचेही वादन दुसऱ्यासारखे नाही. सर्वांची तालीम एक असून प्रत्येकाचा आवाज स्वतःचा राहिला. त्यांच्यापैकी बासवादक रिचर्ड डेव्हिस १९७७ पासून विस्कॉन्सिन विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि ती शिस्त पुढच्या पिढीकडे गेली.

शिकागोच्या या संगीताचा एक धागा मुंबईपर्यंतही पोहोचला होता. १९२० च्या दशकात शिकागोत नाव कमावलेले पियानोवादक टेडी वेदरफोर्ड पुढील दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागले. त्या काळी मुंबईच्या वाद्यवृंदांत गोमंतकीय वादक मोठ्या संख्येने होते. गोव्यातील चर्चच्या शाळांत त्यांनी लहानपणीच स्वरलेखन आणि व्हायोलिन यांचे धडे घेतलेले असत. उत्स्फूर्त वादनाची कला मात्र त्यांनी अमेरिकी वादकांना ऐकून, त्यांच्या शेजारी बसून आत्मसात केली. पुढे हिंदी चित्रपटसंगीत घडवण्यात याच वादकांचा मोठा हातभार लागला. येथेही पाया शाळेने घातला होता.

कॅप्टन डायट १९६९ मध्ये निवर्तले. शिकागोच्या दक्षिण भागातच त्यांच्या नावाने एक शाळा उभी राहिली. पुढे पटसंख्या रोडावली, निकालांकडे बोट दाखवले गेले आणि २०१२ मध्ये ती टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय शहराच्या शिक्षण मंडळाने घेतला. २०१५ च्या उन्हाळ्यात तिचे दरवाजे बंद झाले. तेव्हा वस्तीतील पालक आणि कार्यकर्ते उपोषणाला बसले. ते ३४ दिवस चालले. अखेर २०१६ मध्ये शाळा पुन्हा उघडली, ती कलांना वाहिलेली शाळा म्हणून. नावही तेच राहिले : वॉल्टर डायट.

त्या उपोषणकर्त्यांपैकी फार थोड्यांनी डायट यांना प्रत्यक्ष पाहिले असेल. परंतु एका शिक्षकाने एकाच वस्तीत सुमारे तीस वर्षे निष्ठेने घेतलेला तास त्या वस्तीच्या अभिमानाचा भाग झाला होता. शाळेचे आयुष्य तिच्या भिंतींपेक्षा तेथे शिकलेल्यांवर आणि तेथे आपली मुले पाठवणाऱ्यांवर अधिक अवलंबून असते. घराण्याचा वारसा शिष्य चालवतात, तसा शाळेचा वारसा माजी विद्यार्थी आणि पालक चालवतात. शिकागोच्या त्या वस्तीने हे दायित्व ओळखले, म्हणूनच तेथील संगीताचा तास आजही भरतो आहे.