पोफळीवरून पोफळीवर

1986 साली मी श्रीवर्धनला सून म्हणून आले, तेव्हा आजेसासूबाईंनी घराआधी वाडी दाखवली. म्हणाल्या, "गुंठे विचारू नकोस, झाडं मोज." पंधरा गुंठ्यांत दोनशेच्या आसपास पोफळी, वीस माड, त्यांच्या सावलीत जायफळ आणि खोडांवर चढवलेली मिरी.

बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचं हे गाव बाहेर ओळखलं जातं ते रोठा सुपारीमुळे. मोठी, आतून पांढरी. पूर्वी ती गलबतांतून मुंबईला जाई. विहिरीवर रहाट, रहाटाला बैल, पाटाचं पाणी एकेका आळ्यात. पंप आले, बैल गेले, पण हिशोब तोच राहिला. सुपारी उतरवायची, चाळीसेक दिवस उन्हात वाळवायची आणि पोती भरून ठेवायची. लग्न निघालं, आजारपण आलं की पोतं उघडायचं. आमची बँक ती हीच.

ही बँक चाले पाडेल्याच्या जिवावर. आमचा पाडेली सकाळी एका पोफळीवर चढे, शेंडा झुलवून दुसरी पकडे, तिच्यावरून तिसरी. दहा-बारा झाडं झाल्यावरच त्याचे पाय जमिनीला लागत. खाली त्याची बायको घड गोळा करी. पुढे सुपारी सोलायला आणखी चार जणी येत. त्या मजुरीवर त्यांचा उन्हाळा निघे.

3 जून 2020 च्या दुपारी 'निसर्ग' चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर चढलं. टाळेबंदीमुळे मुंबईहून येणारी कमाई आधीच थांबलेली. संध्याकाळी दार उघडलं, तर वाडीतून थेट आभाळ दिसलं. उभ्या पोफळी मोजल्या : एकतीस.

मदत आधी क्षेत्रावर ठरली, हेक्टरी 50,000 रुपये. आमच्या पंधरा गुंठ्यांना साडेसात हजारांच्या आसपास. आडव्या पडलेल्या पोफळी तोडून बाहेर काढायलाच त्याहून जास्त लागले. बागायतदारांनी ओरड केली, मग झाडावर हिशोब आला : पोफळीला 50 रुपये, माडाला 250. नवी पोफळ धरायला सहा-सात वर्षं घेते, भरायला दहा. पन्नास रुपयांत त्यातलं एक वर्षही भागत नाही.

तरी सातबाऱ्यावर आमचं नाव होतं. पाडेल्याच्या नावावर एकही झाड नव्हतं. दोनशे पोफळींवर त्याचा संसार उभा होता आणि पंचनाम्यात त्याच्या घराचे पत्रे तेवढे मोजले गेले. सोलणाऱ्या बायकांची तर कुठल्याच रकान्यात नोंद नव्हती. पुढच्या मे महिन्यात 'तौक्ते'ने उरलेल्यांतल्या नऊ पोफळी पाडल्या. आता एका झाडावरून दुसऱ्यावर हात पोहोचत नव्हता. प्रत्येक झाड चढायचं, उतरायचं. कष्ट दुप्पट, मजुरी निम्मीही नाही. त्याचा मुलगा चढायला शिकत होता, तो नालासोपाऱ्याला कामाला गेला.

वादळाच्याच पावसाळ्यात लावलेल्या रोपांना यंदा पहिला घड लागला. पहिला घड पाडेल्याने उतरवायचा, ही घरची रीत. मी त्याला बोलावलं. झाड अजून बुटकं आहे, त्याने उभ्यानेच घड तोडला आणि माझ्या ओंजळीत दिला. मग वर शेंड्याकडे बघून म्हणाला, "वहिनी, ही उंच होतील तेव्हा मी नसेन. चढणार कोण?"

आजेसासूबाईंनी मला झाडं मोजायला शिकवलं. त्या झाडांवर जगणारी माणसं मोजायला शिकवायला वादळ यावं लागलं.