रेवस ते रेडी : मुक्काम कुणाच्या घरी?

आज आपण एका रस्त्याची आणि त्या रस्त्यावरच्या मुक्कामाची गोष्ट ऐकणार आहोत. रायगड जिल्ह्यातल्या रेवसपासून सिंधुदुर्गातल्या रेडीपर्यंत समुद्राच्या कडेकडेने जाणारा हा सागरी मार्ग, सुमारे पाचशे किलोमीटरचा. एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला नारळी-सुपारीच्या वाड्या. मुंबई-पुण्याच्या गाड्या आज या वाटेने हौसेने जातात आणि दिवस मावळला की कुणाच्या तरी अंगणात थांबतात. दारावर पाटी असते, 'घरगुती राहण्याची व जेवणाची सोय'. ही पाटी एका दिवसात लागलेली नाही.

पूर्वी या किनाऱ्याचा रस्ता म्हणजे समुद्रच होता. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून बोटी सुटत आणि बंदरे घेत रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ल्यापर्यंत जात. बऱ्याच ठिकाणी मोठी बोट काठाला लागत नसे. माणसे, ट्रंका, पोरेबाळे पडावात उतरवून किनाऱ्यावर आणावी लागत. पावसाळ्यात ही वाहतूक बंद असे. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. प्रवास असा जिवावरचा होता.

रात्री-अपरात्री उतरलेला माणूस राहणार कुठे? साहेबांसाठी डाकबंगला होता, तिथे खानसामा होता. यात्रेकरूंसाठी धर्मशाळा होती, पण तिथे मिळे ते फक्त छप्पर. शिधा आपला, चूल आपली. हरिहरेश्वर, गणपतीपुळे अशा देवस्थानांच्या गावी यात्रेकरू गुरुजींच्या घरी उतरत, पडवीत झोपत, ओटीवर जेवत. पाने माजघरातली बाई वाढायची, जाताना दक्षिणा मात्र गुरुजींच्या हातावर ठेवली जायची. पाहुणचार घराचा धर्म होता, त्यामुळे तो करणारीच्या कष्टाची मोजदाद कुणी केली नाही.

त्याच बोटीने कोकणातला चाकरमानी मुंबईला जाई. गिरणगावात तो गावकीच्या खोलीत पथारी टाके आणि दोन वेळा जेवायला खानावळवाल्या बाईकडे जाई. पैसे पगार झाल्यावर. तोवर किराणा उधारीवर आणि पैसा सावकाराच्या व्याजाने. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अशा बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि या बायकांना बँकेचे कर्ज मिळू लागले. भात, आमटी, भाकरी तीच राहिली. पण बँकेच्या कागदावर तिचे स्वतःचे नाव आले, आणि सावकाराचा उंबरा सुटायला सुरुवात झाली. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता परत किनाऱ्यावर येऊ. मुंबई-गोवा रस्ता महाड, खेड, चिपळूण असा आतल्या बाजूने गेला. 1998 मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, तीही बरीचशी आतूनच. समुद्रकाठची गावे दोन्हींपासून लांब राहिली. बॅरिस्टर अंतुले 1980 ते 1982 या काळात मुख्यमंत्री होते. किनाऱ्याच्या रस्त्याचा विचार त्यांनी पुढे आणला. पण वाटेत खाड्या किती! राजपुरीची, बाणकोटची, दाभोळची, जयगडची. पूल एकेक करत रेंगाळले. आजही दिघी-आगरदांडा, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा ठिकाणी गाडी फेरीबोटीवर चढवून पलीकडे न्यावी लागते.

मोठी हॉटेले हमरस्त्याला आली, इथे नाही. पण खाडी ओलांडायला वेळ जातो, सगळी वाट एका दिवसात सरत नाही, म्हणून मुक्काम करावाच लागतो. मग घरेच पुढे आली. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्थापना 1975 ची. त्याने काही ठिकाणी निवासस्थाने बांधली, आणि निवास व न्याहारी योजनेतून घरातल्या खोल्या पाहुण्यांना देण्याला सरकारी नोंद मिळू लागली.

दिवेआगरचे उदाहरण घ्या. 1997 मध्ये तिथे एका वाडीत खणताना तांब्याच्या पेटीत सोन्याचा गणपतीचा मुखवटा सापडला. दर्शनाला माणसे लोटली आणि घराघरांत पाने मांडली जाऊ लागली. 2012 मध्ये मुखवटा चोरीला गेला, दोन राखणदारांचा जीव गेला, आणि गर्दी ओसरली. मग 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यावर आदळले. छपरे उडाली, वाड्या आडव्या झाल्या. पाहुणे ज्या सावलीसाठी येत, ती सावलीच गेली. छप्पर महिन्यात घालता येते, पण सुपारीचे रोप फळाला यायला वर्षे लागतात.

वेळासची गोष्ट वेगळी. नाना फडणवीसांचे हे गाव. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांबरोबर समुद्री कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. 2006 पासून कासव महोत्सव भरू लागला. पिल्ले समुद्राकडे जाताना पाहायला माणसे येऊ लागली. गावात हॉटेल नव्हते, मग गावानेच घरे उघडली. तिकडे वेंगुर्ल्याजवळ मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका होडीतून पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. किनाऱ्यावरची बाई आता चुलीपुरती राहिलेली नाही.

मग अडते कुठे? हिशेबात अडते. पाहुण्याच्या पैशातून बाजार वजा होतो, गॅस वजा होतो, वीज वजा होते. पहाटे उठून घावणे घालणारीची, दहा चादरी धुणारीची मजुरी मात्र वजा होत नाही. तिला घरकाम म्हणतात. मे महिन्यात घर भरलेले असते, तेव्हा तिला बसायला जागा नसते. आणि नोंदणी, बँक खाते, पाटीवरचा फोन नंबर, पुष्कळदा सगळे घरधन्याच्या नावावर.

अन्नपूर्णाची गोष्ट इथे लागते. 2023 मध्ये राज्य सरकारने महिलांसाठी 'आई' हे पर्यटन धोरण आणले. त्यात पर्यटन व्यवसायासाठी महिलांनी घेतलेल्या 15 लाखांपर्यंतच्या कर्जावर, 12 टक्क्यांच्या मर्यादेत, व्याजाचा परतावा आहे. पण व्यवसाय बाईच्या मालकीचा आणि बाईनेच चालवलेला हवा. राबणारी ती आणि कागद दुसऱ्याच्या नावावर असेल, तर हा दरवाजा तिच्यासाठी बंदच.

म्हणून सख्यांनो, पुढच्या बैठकीत तीन कामे करा. ज्यांच्या घरी पाहुणे येतात, त्यांनी नोंदणी कुणाच्या नावावर आहे ते पाहून या. एका पाहुण्याच्या दोन जेवणांना किती तास लागतात ते वहीत लिहा आणि त्या तासांना शेतातल्या मजुरीचा तरी दर लावा. आणि गावातल्या सगळ्यांनी मिळून एकच दर ठरवा, म्हणजे पाहुणा एकीच्या दारातून दुसरीच्या दारात भाव पाडत फिरणार नाही. वही घेऊन या, पुढच्या वेळी आपण तो हिशेब एकत्र मांडू.